ताईची ट्रंक

“न्या, सगळं न्या! मला एक फुटका कप पुरे... आयुष्यभर तेवढाच तर आला वाट्याला!”

ताईने हे वाक्य मुद्दाम दारात उभे राहून फेकले. खाली टेम्पोत गाद्या चढवणारी माणसेसुद्धा थबकली. आईबाप गेल्यावर ज्याच्यासाठी ठरलेले लग्न मोडले, दिवसदिवस रफूच्या सुईवर डोळे फोडून ज्याला शिकवले, तो धाकटा भाऊ आज बायकोला घेऊन वेगळा होत होता... आणि कारण काय, तर म्हणे घरात जीव गुदमरतो!

भावजयीच्या डोळ्यांत पाणी तरारले. “ताई, नऊ वर्षं तुम्हाला गरम चहा दिला, तुम्ही तो गार करून प्यालात. स्वेटर आणले, तुम्ही ठिगळाचाच घालून चारचौघांत गेलात. लोक मला कैदाशीण म्हणतात हो! काय कमी केलं मी तुम्हाला?”

“काय कमी केलंस? थांब, दाखवतेच!”

मोडलेल्या लग्नाची रेशमी शाल दोघांच्या तोंडावर फेकावी म्हणून ती तरातरा आत गेली, पलंगाखालची ट्रंक ओढली, झाकण उघडले... आणि कुबट वासाचा भपकारा आला! वर भावजयीने आणलेले स्वेटर, घड्या न मोडलेले, किमतीच्या चिठ्ठ्या टाचलेले. आणि त्यांत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. शाल तर चिमटीत धरताच भुगा होऊन बोटांना चिकटली.

जगाच्या कपड्यांना रफू करणारी ती, आणि तिच्याच पलंगाखाली हा नरक! एकेक स्वेटर तिने स्वतःच्या हाताने इथे कोंबला होता आणि दुसऱ्या दिवशी ठिगळ मिरवत शेजारी गेली होती, कुणीतरी “अगं बाई, तुला नवं घेत नाहीत?” म्हणावे म्हणून. ते ऐकून सोडलेला सुस्कारा किती गोड लागायचा! लग्न मोडले तेव्हाची माया खरी होती... पुढे मात्र तिने त्या मायेचाच ढोल बडवला होता. तिने तीनदा हात धुतले, तरी बोटांचा वास जाईना.

सगळ्यांत खाली एक हिरवा स्वेटर होता. खिडकीत झटकून झटकून तिने तो अंगात घातला आणि बाहेर आली. अळ्यांनी पाडलेल्या भोकांतून हातांची दोन्ही कोपरे उघडी पडली होती.

भाऊ बघतच राहिला. “ताई, हा तर माझ्या पहिल्या पगारातला! तू तर म्हणालीस, कुणा गरिबाला दिला...”

“खोटं बोलले रे. तू आणलेला नवा स्वेटर घातला असता, तर बिचारी कोण म्हणालं असतं मला? किळस येतेय रे... माझीच मला!” ती दाराच्या पायरीवर बसली. “राहा म्हणत नाही. तोंड कुठे आहे मला! जा, सुखानं राहा.”

मग ताईने भावजयीकडे पाहिले. या घरात तिने आजवर कुणाकडे काही मागितले नव्हते.

“अगं... जायच्या आधी मला चहा देशील? गरम. चांगल्या कपात.”

भावजयीने बांधलेले खोके तिथेच सोडले, पातेले बाहेर काढले आणि डोळे पुसत विचारले,

“साखर किती घालू, ताई?”

नऊ वर्षांत ताईने ते कधी सांगितलेच नव्हते.