चिमूटभर पांढरी

दिवाळीच्या सुट्टीत वाचनालयात प्रदर्शन भरवायचं ठरलं, तेव्हा सरोजिनीबाईंनी सगळ्यात आधी वायरमनला बोलावून मागच्या खोलीतल्या पंख्यांची जोडणी काढून घेतली. एरवी त्या खोलीत पेपर वाचणारे बसत. आता तिथं रांगोळ्या होणार होत्या, आणि कुणी सवयीनं बटण दाबलं असतं तर एका झुळकीत सगळ्यांची मेहनत उडाली असती. खिडक्यांच्या फटींना त्यांनी स्वतः रद्दी चिकटवली. दार लावलं की लातूरचा ऑक्टोबरचा उकाडा आणि जुन्या कागदांचा वास त्या खोलीत कोंडून राही.

खरं तर समितीत कुणालाच या प्रदर्शनाची फार हौस नव्हती. गावातल्या लोकांची चित्रं, मातीच्या मूर्ती, भरतकाम असं सगळं मांडायचं म्हणजे आठवडाभर जादा थांबणं आलं. पण सरोजिनीबाईंना थांबायचंच होतं. त्या ग्रंथपाल होत्या, निवृत्तीला आलेल्या. घरी त्यांचे यजमान, श्रीपादराव होते. काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तेव्हापासून ते पलंगावरच होते. दिवसा कामाला ठेवलेली गयाबाई त्यांच्यापाशी असे. रात्र सरोजिनीबाईंची. कूस बदलायची, पुसून घ्यायचं, चमच्यानं पाणी पाजायचं. सलग झोप कशी असते हे त्या विसरून गेल्या होत्या. वाचनालयात आलं की निदान खुर्चीला पाठ टेकता येई.

मागच्या खोलीतली सगळ्यात मोठी रांगोळी अंबिकाची होती. अंबिका मूळची उदगीरची, लातूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं आपल्या वडिलांचा, शिवमूर्तीअप्पांचा चेहरा काढला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढऱ्या मिशा, आणि समोरच्याला काहीतरी गमतीचं सांगायच्या बेतात असावेत असे टक्क उघडे डोळे. दोरीपलीकडे उभे राहून लोक म्हणत, आत्ता बोलतील. प्रत्यक्षात अप्पा उदगीरच्या घरी अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. पण प्रदर्शन अर्धवट टाकून यायचं नाही, अशी त्यांनीच लेकीला ताकीद दिली होती.

उद्घाटनानंतर एक-दोन दिवसांतली गोष्ट. दुपारी वाचनालय रिकामं होतं. सरोजिनीबाई सहज मागच्या खोलीत डोकावल्या आणि दोरीपाशीच थांबल्या. अप्पांच्या पापण्या खाली आल्या होत्या. बसल्या जागी माणूस पेंगतो तशा, अर्ध्यावर. रंग कुठं सांडला नव्हता, रेघ कुठं फिसकटली नव्हती. पापणीचा केस न् केस जागेवर होता, फक्त खाली सरकलेला.

त्यांनी अंबिकाला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“मी असं काढलं नव्हतं, मॅडम,” ती हळूच म्हणाली.

मग ती गुडघ्यांवर बसली, वाटीतली चिमूटभर पांढरी घेतली आणि दोन्ही डोळे पुन्हा उघडले. बुबुळाचा काळा ठिपका ठेवते न ठेवते तोच तिचा फोन वाजला. आई होती, लक्ष्मम्मा. सकाळपासून अप्पा हाकेला ओ देत नव्हते, आणि आत्ता एकाएकी डोळे उघडून त्यांनी चहा मागितला होता. अंबिकानं हे अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि बोटांवरची रांगोळी झटकली.

सरोजिनीबाईंनी तो योगायोग मानला. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशी दोनदा. अंबिका आता खोलीतून हलतच नव्हती. डबा तसाच परत न्यायची. डोळ्यांखाली काळं आलं होतं. इथून उठावं तर रांगोळीकडे कोण बघणार, आणि इथंच बसावं तर अप्पांना कधी बघणार, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणे. तिचा तो जागरणानं ओढलेला चेहरा सरोजिनीबाईंना अनोळखी नव्हता. रोज पहाटे बेसिनवरच्या आरशात तो त्यांना दिसत असे.

शेवटी शनिवारी सकाळी लक्ष्मम्मांचा फोन आला की अप्पा तुझंच नाव घ्यायलेत, येऊन जा. अंबिका वाटी घेऊन सरोजिनीबाईंच्या टेबलाशी आली.

“मॅडम, तुम्ही बसता का? अंधार पडायच्या आत येते मी. डोळे मिटायलेत असं दिसलं तर फक्त… चिमूटभर पांढरी.”

सरोजिनीबाई हो म्हणाल्या.

दुपारी त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची रांगोळीजवळ ओढली. बाहेर रिक्षांचे आवाज होते, पण ते फार लांबून आल्यासारखे वाटत होते. हळूहळू खोलीतला वास बदलला. कागदाचा वास गेला आणि विभूतीचा, औषधाचा, फार दिवस न बदललेल्या चादरीचा वास आला. मग अगदी बारीक सरसर ऐकू आली, सुपातून पीठ सरकावं तशी. सरोजिनीबाई खाली वाकल्या. त्यांच्या देखत पापण्या उतरत होत्या. कणाकणानं, सावकाश…

त्यांनी चिमूट उचलली. हात डोळ्यांवर नेला. आणि तिथंच थांबला तो.

चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं. पुन्हा पुन्हा हलवून उठवलेल्या माणसाचा तो चेहरा होता. आता नको, एवढंच तो म्हणत होता. की ते त्या स्वतःच म्हणत होत्या, हे त्यांना कळेना. हात शिशासारखा जड झाला होता.

“झोपा,” त्या पुटपुटल्या. “झोपा आता…”

बोटं सैल झाली. चिमूट परत वाटीत पडली. पापण्या एकमेकींना टेकल्या आणि सरसर थांबली.

थोड्या वेळानं फोन वाजला.

“अप्पा गेले, मॅडम. मी दारात पाय ठेवला, आणि…” अंबिका म्हणाली. “तिथं डोळे उघडे होते ना?”

“हो,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “उघडेच होते.”

मग अंबिकानं फोन ठेवला.

सरोजिनीबाईंनी मऊ कुंचा आणला आणि ती रांगोळी स्वतः झाडली. सगळे रंग एकमेकांत मिसळून राखेसारखा ढीग झाला. अंबिकाच्या घरात वाईट घडलं म्हणून रांगोळी पुसली, असं त्यांनी येणाऱ्यांना सांगितलं. ते ऐकून लोकही हळहळले. रविवारी सकाळी प्रदर्शन आटोपलं, ज्यानं त्यानं आपापल्या वस्तू नेल्या, आणि दुपारी सरोजिनीबाई घरी आल्या. श्रीपादरावांचा डोळा लागला होता. त्यांनी गयाबाईला लवकर सोडलं, शेजारच्या खाटेवर अंग टाकलं, आणि कधी नव्हे ती खोल, गाढ झोप अंगावर चढत आली.

तेवढ्यात पापण्यांवर काहीतरी पडलं. कोरडं, गार, पिठासारखं.

त्यांनी डोळे उघडले. वर पंखा फिरत होता, भिंतीवर ऊन होतं. डोळे चोळले तर बोटं पांढरी झाली. केसांत राहिली असेल वाचनालयातली, असं म्हणून त्यांनी तोंड धुतलं, केस पुसले आणि पुन्हा पडल्या. झोप आली. आणि पुन्हा तेच, पापणीवर, अगदी अलगद…

या वेळी त्यांनी डोळे चोळले नाहीत. बराच वेळ त्या तशाच पडून राहिल्या आणि मग सावकाश मान वळवली. श्रीपादराव गाढ झोपेत होते. श्वास संथ चालला होता. गयाबाई तेल लावून लावून थकली तरी न उघडणारी त्यांची उजवी मूठ उघडली होती. हात सरोजिनीबाईंच्या खाटेच्या बाजूला, पलंगाच्या कडेवर आला होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकलेली होती. त्या दोन बोटांमध्ये काहीतरी पांढरं जपून धरलेलं होतं.