पहिल्या खात्याची भेसळ

स्नेहल गव्हाणेने चहाला हातही लावला नाही. ती शिरूरहून दौंडला, थेट अनुपमा दरेकरच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात आली होती.

"माझ्या वडिलांच्या, मच्छिंद्रआप्पांच्या नावावर दुधात भेसळीचे शेरे पडतायत. आज संध्याकाळच्या सभेत त्यांना गावच्या दूध संस्थेतून काढणार."

"तुम्हाला काय वाटतं?"

"संस्थेचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय. मी आप्पांनाच खोटं ठरवलं. पण काल पुन्हा शेरा पडला, आणि आमच्या गाई तर आता भाकड आहेत, संस्थेत दूध जातच नाही."

अनुपमाचा मदतनीस भारत याने तिथल्या तिथे गुन्हेगार ठरवून टाकला: दूध तपासणारा. भारतचं हे नेहमीचंच.

तिघं शिरूरला संस्थेत पोचल्यावर दूध तपासणारा रविराज म्हणाला, "खाते नंबर टाकतो, सॅम्पल लावतो. भेसळ निघाली तरच मशिन शेरा धाडतं. फकस्त चेअरमनसाहेबांच्या कॅनला नंबर टाकत न्हाई. मोठ्या माणसाला नंबर कसा इचारायचा?"

चेअरमन बबनराव हळहळले. "संस्थेचा पयला सभासद मच्छिंद्रच. आन् त्यानंच तोंड काळं केलं!"

अनुपमाने स्नेहलला एकच विचारलं, "सभासदांची यादी बघताना खाते नंबर रिकामा ठेवला तर?"

"सगळी खाती दिसतात. चेअरमनसाहेबांनाच तशी सोय हवी होती. डेटाबेसमधून खाती शोधणाऱ्या कोडच्या लायब्ररीत तो ऑप्शन एकदाच लिहिला. शेरा कुणाच्या खात्यावर टाकायचा ते शोधायलाही तोच वापरते, फक्त 'एकच खातं उचल' एवढं वाढवलंय."

भारतला यातलं ओ की ठो कळलं नाही. त्याने मान मात्र डोलावली.

सभेआधी सगळे संस्थेच्या ऑफिसात जमले. मच्छिंद्रआप्पा दाराशी उभे होते. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, याची भारतला चीड आली.

"रविराज, नंबर न टाकता पाणी घातलेलं दूध लाव," अनुपमा म्हणाली.

स्क्रीनवर नाव उमटलं: मच्छिंद्र गव्हाणे.

"नंबर रिकामा असला की लायब्ररी 'कुणीच नाही' असं समजत नाही. ती नंबराची अटच सोडून देते. मग सगळी खाती समोर येतात आणि त्यातलं पहिलं उचललं जातं. पहिले सभासद आप्पा. आणि इथे नंबराशिवाय दूध एकाचंच येतं."

बबनराव उसळले. "म्हंजी चूक सॉफ्टवेअरची!"

"नाव चुकलं ते सॉफ्टवेअरमुळे. पाणी कुणी घातलं?"

बबनराव उठून चपला शोधू लागले. रविराजने हळूच कॉम्प्युटर बंद केला.

स्नेहल आप्पांकडे धावली. "आप्पा, सुटलात तुम्ही! चूक माझ्या कोडची होती."

आप्पांनी तिचा हात बाजूला केला. राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मशिनला कुणी नाव सांगितलं न्हाई, म्हून त्यानं मला धरलं. पोरी, तुला तर मी कोण ते ठावं हुतं."