बावीस फेरे

ते मोबाइल पालथे घाला आधी. आणि तू गं, दाराजवळची, आत सरक. नाहीतर मग घाबरून माझ्या अंगावर पडशील. ही कुठून ऐकून आणलेली गोष्ट नाही. अर्धी मला ज्याच्यावर बेतली त्यानेच सांगितली, अर्धी मी या डोळ्यांनी पाहिली. गावचा वॉलमन, म्हणजे आळी-आळीला पाणी सोडणारा, माझा जोडीदार. मी पंप चालवायचो, तो व्हॉल्व्ह फिरवायचा. तीस वर्षं.

गुरुवार होता. नोव्हेंबरची चौदा तारीख. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉलमन चावी खांद्यावर टाकून घरातून निघाला. चावी म्हणजे तुमच्या कुलपाची नव्हे रे, लोखंडाची, कमरेएवढी उंच. रोजचंच काम. खालच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद केला की पाणी वरच्या आळीला चढायचं. मोजून बावीस फेरे. तेविसावा दिला की आतले आटे गेलेच म्हणून समजा. एकदा गेले होते, तर आठ दिवस गावाला पाणी नव्हतं आणि सगळ्यांनी मिळून वॉलमनचा उद्धार केला होता.

तेव्हापासून त्याची आई मोजायला जायला लागली. "झोपेत तुला चारनंतर एकदम सात येतात," म्हणायची. मुलगे, सुना, नातवंडं तर तिच्या शब्दाबाहेर नव्हतीच, पण अख्खं गाव तिला मोठी आई म्हणायचं. व्हॉल्व्ह ज्या खड्ड्यात असतो, त्या चेंबरच्या दगडी कठड्यावर बसून ती खणखणीत मोजायची. मध्येच ओरडायची, "सतरा... अगं, ती बादली गळतेय, किती दिवस सांगतेय तुला... अठरा!" वरच्या आळीने गजर लावणंच सोडून दिलं होतं. तिचा 'एक' कानावर पडला की दारं उघडायची, भांडी बाहेर यायची. ज्या घरात आजारी माणूस, त्या घरची घागर आधी. कोणाची बिशाद नव्हती मध्ये बोलायची. लाखात एक बाई होती हो.

तर ती जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. शेवटच्या रात्री ती अंथरुणावरच होती. वॉलमन चावी उचलायला लागला, तशी म्हणाली, "आज राहू दे रे. माझ्यापाशी बस जरा."

"आलोच आई. बावीस फेरे तर आहेत."

तो परत आला, तेव्हा सगळं संपलं होतं.

थोरल्या भावाने किती समजावलं. "अरे, गावाच्या कामाला गेला होतास. ती कशाला रागावेल?" पण वॉलमनच्या डोक्यातून जाईना. आई एकटी गेली, रागावून गेली, एवढंच धरून बसला. एकोणीस रात्री डोळ्याला डोळा नाही. वेळ चुकेल म्हणून बसूनच रात्र काढायचा. त्या दिवशी तर पायही उचलत नव्हते बिचाऱ्याचे.

चेंबरपाशी पोचला. झाकण सरकवलं, चावी बसवली, फिरवायला लागला. मनातल्या मनात मोजत होता. पाच. सहा. सात. डोळे मिटत होते. आठ झाले की नऊ? हात आपले फिरतच होते. बारा झाले? का अठरा?

तो थांबला. सोडून द्यावं, तर वरची आळी सकाळी कोरडी. पुढे फिरवावं, तर आटे जायचे.

चावीवर कपाळ टेकवलं त्याने. पन्नाशीचा बाप्या, पण रडू फुटलं. "आई गं..." एवढंच म्हणाला.

आणि मागून आवाज आला.

"चौदा."

हळू. थकलेला. कठड्याकडून...

त्याने वळून पाहिलं नाही. मानच वळेना. हात मात्र फिरले.

"पंधरा..."

कुत्रं नाही. वारा नाही.

"सोळा..."

घाम. त्या थंडीत.

...

आवाज चढत गेला, पहिल्यासारखा खणखणीत.

"एकवीस..."

"बावीस. झालं."

व्हॉल्व्ह गच्च बसला. पाइपातून पाणी वर चढायला लागलं.

तो तसाच उभा. पाठ कठड्याकडे. तसंच विचारलं, "आई... रागावलीस का गं?"

...



तेवढ्यात वरच्या आळीत दारं वाजली. एक. दोन. मग सगळीच. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा भांडी वेळेवर बाहेर आली. कोपऱ्यावरची शिंपीणबाई बादली घेऊन उतरली. "काय रे, आज मोजायला कोणाला आणलंस? अगदी मोठ्या आईसारखा आवाज..." बोलता बोलता तिने तोंडावर हात ठेवला. बादली तिथेच टाकून घरात पळाली.

मग वॉलमन वळला. मोबाइलचा उजेड पाडला. कोणी नव्हतं. दव पडून कठडा या टोकापासून त्या टोकापर्यंत निथळत होता. मधली जागा तेवढी कोरडी. ठणठणीत. एका माणसापुरती नाही... दोघं शेजारी शेजारी बसतील एवढी. आणि दव काही आत्ताच पडलं नव्हतं, बाळांनो. अंधार पडल्यापासून पडत होतं.

तो बसला. कोरड्या जागेच्या एका कडेला, अंग चोरून.

सहा वाजता पंप बंद करून मी त्या रस्त्याने आलो. हा तिथेच. मान एका बाजूला कललेली, गाढ झोपलेला. एकोणीस दिवसांनी. मी हलवून उठवलं, तेव्हा त्याने हे सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, वेडा झालास की काय. आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर सहज हात टेकवला.

दगड गरम होता.