रिकाम्या खोलीतला गारवा

आजोबांच्या खोलीत कुणीच नव्हतं. तरीही दुपार झाली की भिंतीवरचा आवाज सांगायचा, "आजोबांच्या खोलीत एक जण आहे."

आवाज सभ्य होता, ना बाईचा ना पुरुषाचा. जेवणं आटोपलेली असत. बाहेर चंद्रपूरचं ऊन कुत्र्यांनाही सावलीला ढकलून रस्त्यावर एकटंच फिरत असे. अशा वेळी ते वाक्य यायचं, आणि मग आजोबांच्या बंद दाराखालून गार हवा सरपटत बाहेर यायची. शाल्मलीच्या पावलांना ती आधी कळायची. ती पाय वर घ्यायची आणि कुणाला काही सांगायची नाही, कारण आवाज आईलाही ऐकू येत होता, आजीलाही, आणि दोघीही काही बोलत नव्हत्या.

आजोबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. गेले ते त्याच खोलीत, दुपारच्या झोपेत.

तो आवाज होता पाहुण्याचा. पाहुणा हे नाव आजोबांनीच ठेवलेलं. खरं तर तो एक चतुर थर्मोस्टॅट होता, म्हणजे तापनियंत्रक (खोली हवी तेवढीच गार किंवा गरम ठेवणारं यंत्र). उन्हाळे फार कडक झाल्यापासून कॉलनीने सगळ्या घरांसाठी मिळून एक शीतकेंद्र (पाणी गार करून नळांतून घरोघर पोचवणारी जागा) उभारलं होतं. प्रत्येक घराचा रोजचा गारवा ठरलेला. तो संपला की दुसऱ्या सकाळपर्यंत वाट बघायची. म्हणून कॉलनीने हे नवं यंत्र काही घरांना उन्हाळ्यापुरतं वापरून बघायला दिलं होतं. कुठल्या खोलीत कोण आहे हे ते पाही आणि घराचा गारवा तिकडे वळवी. आजोबांनी आयुष्यभर वीज केंद्रात बॉयलर सांभाळले होते. जन्मभर उष्णता केली, आता म्हातारपणी थंडी करतो, असं म्हणत त्यांनी तो हौसेने बसवून घेतला. ठेवायचा की परत करायचा, हे सुटीत शाल्मली आली की दोघं मिळून ठरवणार होते.

शाल्मली आली, पण सुटी लागायच्या आधीच, आणि आईबरोबर रातोरात.

आता घर असं झालं होतं, की रिकाम्या खोलीत हिवाळा आणि बाकी घरात भट्टी. घराचा सगळा वाटा ती एक खोली पिऊन टाकत होती. आजी मात्र त्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीवर बसून राहायची. काल बसल्या जागी तिला भोवळ आली. आईने तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, ओल्या पंच्याने मान पुसली. आजीचे ओठ कोरडे पडले होते आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टर येऊन बजावून गेले, की या वयात असं पुन्हा होऊ देऊ नका.

तेव्हा आईने ठरवलं, यंत्र काढून टाकायचं. कॉलनीत सांगून उद्याच माणूस बोलवायचा. आजीने ऐकून घेतलं आणि नकार दिला. आई समजावू लागली, तशी आजी म्हणाली, "वृंदा, तू कॉलेजात शिकवतेस ना बाप्पा? मग मला नको शिकवू. यांना दुपारी उकडलं की झोप लागत नाही."

थोड्या वेळाने शाल्मलीने पाहिलं, आई त्या बंद दारापाशी एकटी उभी होती. तिने तळहात दाराला टेकवला होता, जिथे लाकूड गार होतं तिथे.

शाल्मलीला भीती वाटत होती. पण त्याहून मोठी भीती आजीच्या कोरड्या ओठांची होती. यंत्र राहिलं तर आजी त्या दारापाशी तापत बसणार. काढलं तर गारवा सगळ्या खोल्यांत सारखा वाटला जाऊन दुपार चढायच्या आतच संपणार, हे आजोबांनीच फोनवर तिला समजावलं होतं. म्हणजे दोन्हीकडून आजीलाच ऊन. आधी कळायला हवं होतं, की आत कोण आहे.

ती स्वयंपाकघरात गेली. आई दूध तापवत होती. पाहुण्याला माणूस असल्याचं कळतं कसं, असं तिने विचारलं.

दूध वर आलं, आईने गॅस बारीक केला. दूध खाली बसलं, तिने थोडा वाढवला. मग म्हणाली, की मी आत्ता जे केलं तेच साधा थर्मोस्टॅट करतो. खोली तापली की गार हवा सोडतो, पुरेशी गार झाली की बंद करतो. झाल्या परिणामाची खबर घेऊन स्वतःला बदलायचं, याला प्रत्याभरण (परिणामाची बातमी परत यंत्राकडे पोचणं) म्हणतात. परिणाम वाढला की हात आखडता घ्यायचा, म्हणून गोष्टी काबूत राहतात. पाहुणा चतुर का, तर त्याच्याकडे याशिवाय दोन गोष्टी जास्त आहेत. एक आठवण आणि एक डोळा. रोज या वेळी या खोलीत कोणी असतं, हे तो लक्षात ठेवतो आणि त्या वेळेच्या जरा आधी थोडी हवा सोडून ठेवतो. डोळा म्हणजे संवेदक (बदल टिपणारा भाग). माणसाच्या अंगातून ऊब बाहेर पडते, ती अवरक्त किरणांच्या (डोळ्यांना न दिसणाऱ्या, उष्णता वाहणाऱ्या प्रकाशाच्या) रूपात. ती ऊब हलली की डोळ्याला समजतं, कोणी तरी आहे.

"म्हणजे आठवणीमुळे तो आधी थोडी हवा सोडेल," शाल्मली म्हणाली. "पण 'एक जण आहे' हे आठवणीवरून नाही म्हणणार."

"नाही. त्यासाठी त्याला काही तरी दिसायला हवं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दूध उतू गेलं.

आई ओटा पुसत असताना शाल्मली आजोबांच्या दाराशी गेली. आजी भिंतीला टेकून डुलक्या घेत होती. शाल्मलीने दार ढकललं.

आतली थंडी अंगावर आली. खिडक्यांना पडदे होते आणि बाहेरच्या उजेडाचा त्यातून नुसता पिवळा डाग दिसत होता. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली. पलंगाशेजारी, जिथे आजोबांना खाली घेतलं होतं त्या जागी, थोड्या पिठावर एक दिवा. माणूस गेला की त्या जागी दिवा लावतात, त्याची वात दक्षिणेकडे करतात आणि तेरावं होईपर्यंत तो विझू देत नाहीत. आजी रोज उठून पहिल्यांदा त्यात तेल घालायची, ते शाल्मलीला माहीत होतं.

दक्षिणेच्या भिंतीवर, दिव्याच्या बरोबर समोर, पाहुण्याचा डोळा होता. त्यात एक तांबडा ठिपका लुकलुकला.

शाल्मली दारातच थिजली. ठिपका आपल्याला बघून लागला असेल, म्हणून तिने श्वास रोखून धरला. ती हलली नाही तरी ठिपका पुन्हा लागला. भिंतीतल्या जाळीची पाती किंचित उघडली, पडद्याची कड हलली. पलंगापलीकडे कोणी तरी कूस बदलल्यासारखं वाटलं. तिने डोळे मिटले. मग, आजोबा असते तर म्हणाले असते, मिटलेल्या डोळ्यांनी काय दिसणार, असं मनात येऊन तिने ते उघडले आणि पलंगाकडे न बघता दिव्याकडे पाहिलं.

जाळीतून झुळूक आली. ज्योत वाकली. ठिपका लागला. पाती आणखी उघडली. ज्योत आणखी वाकली.

ती दोन पावलं पुढे गेली, जाळी आणि दिवा यांच्यामध्ये बसली आणि फ्रॉकचा घेर पसरून वारा अडवला. मग अगदी स्थिर राहिली. ज्योत सरळ झाली. ठिपका लागायचा थांबला.

"आई," तिने हळूच हाक मारली.

आई उंबऱ्यापाशी आली आणि क्षणभर तिथेच थांबली. आजोबांना नेलं त्या दिवसानंतर ती या खोलीत आलीच नव्हती. मग आत येऊन लेकीजवळ जमिनीवर बसली. शाल्मली बाजूला सरकली, ज्योत पुन्हा नाचू लागली, ठिपका पुन्हा लागला. आईने ते पुष्कळ वेळ पाहिलं. तिचा आवाज अगदी खाली आला होता, पण तिने एकेक पायरी नीट उलगडून सांगितली. मांडवात माइक लाउडस्पीकरसमोर धरला की कशी कानठळ्या बसवणारी शिट्टी येते? स्पीकरचा आवाज माइकमध्ये जातो, मोठा होऊन बाहेर येतो, तो परत आत जातो. हेही प्रत्याभरणच, पण उलट्या स्वभावाचं. परिणाम वाढला की हात आणखी सैल सुटतो. इथे दुपारी जुन्या सवयीने पाहुणा थोडी हवा सोडतो. त्या हवेने ज्योत हलते. हलती ऊब बघून त्याला वाटतं माणूस आहे, म्हणून तो जास्त हवा सोडतो. घराचा गारवा संपेपर्यंत हे गोल फिरत राहतं. सकाळी सवय नाही, म्हणून झुळूक नाही, म्हणून ज्योत स्थिर, आणि म्हणून खोली रिकामी.

"म्हणजे त्याला आजोबा माहीतच नाहीत?"

"त्याला त्यांच्या वेळा माहीत आहेत," आई म्हणाली.

दिवा विझवणं शक्य नव्हतं. हलवणंही नाही; ती जागाच त्याची होती. शाल्मलीला आजोबांच्या कपाटावरचा जुना कंदील दिसला. त्याची काच दिव्याभोवती ठेवली तर वारा लागणार नाही, असं ती म्हणाली. आईने मान हलवली आणि आणखी एक गोष्ट सांगितली. काचेतून उजेड पार जातो, पण अंगाच्या उबेसारखे अवरक्त किरण साध्या काचेतून बाहेर पडत नाहीत. काच हळूहळू तापेल, पण ती हलणार नाही, आणि डोळा फक्त बदल टिपतो. दिवा आपल्याला दिसत राहील, पाहुण्याला दिसणार नाही.

शाल्मली काच काढायला उठली. आईने तिचा हात धरला. आजीला विचारल्याशिवाय नको, ती म्हणाली.

आजी जागी होती. दाराच्या चौकटीला धरून ती उभी होती आणि तिने बरंच ऐकलं असावं. तरी शाल्मलीने तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. फ्रॉक पसरून दाखवलंही. आजीने ठिपका थांबताना पाहिला, पुन्हा लागताना पाहिला.

"ते आत नाहीत, हे मला कळतं गं," आजी म्हणाली. "या हातांनी तोंडात पाणी घातलं मी त्यांच्या. पण दिवसातून एकदा कोणी तरी म्हणत होतं, आहेत म्हणून. तेवढंच."

जाळीतला वारा तेवढा ऐकू येत होता. मग आजीने काच मागितली. पदराने ती आतून-बाहेरून पुसली, खालून हवा मिळायला दोन सुपाऱ्या ठेवल्या आणि स्वतःच्या हाताने ती दिव्याभोवती बसवली. ज्योत ताठ उभी राहिली, पूर्वीपेक्षा उजळ.

तिघी बाहेर आल्या आणि दार ओढून घेतलं. वाट बघणं फार लांबलं. आजीने आईचा दंड घट्ट धरला होता. शेवटी आवाज आला, तसाच सभ्य, तसाच शांत.

"आजोबांची खोली रिकामी आहे."

आत पाती मिटल्याचा आवाज झाला. आजीचा हात सुटला नाही. आईने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे शाल्मलीला दिसत होते. मग बैठकीच्या जाळीतून गार हवेची पहिली लाट आली आणि आजीच्या कपाळावरचा घाम हळूहळू सुकू लागला.

संध्याकाळी आईने विषय काढला, की कॉलनीच्या माणसाला आता काय सांगायचं. शाल्मलीने यावर विचार केला होता. ज्या घरात माणसं सारखी एकाच खोलीत बसून असतात, तिथे साधं बटण पुरतं. असं यंत्र त्यांना कशाला? ज्या घरात खोल्या रिकाम्या पडतात, माणसं ये-जा करतात आणि गारवा मोजून मिळतो, तिथे हे उपयोगी आहे. पण पाहुणा अंदाज करतो, ओळखत नाही. त्यामुळे चुकलं की त्याला चुकलं म्हणणारं कोणी तरी घरात हवं. आई म्हणाली, बाबांनी याच्यापेक्षा वेगळं काही सांगितलं नसतं. मात्र ठरवायचं आजीने, कारण राहायचं आजीला आहे. आजी म्हणाली, राहू दे त्याला.

जुन्या सवयी पुसून नव्या शिकवायच्या, तर पाहुणा आधी काही प्रश्न विचारतो. आईने त्याला तसं करायला सांगितलं. आजी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसली, फोटो काढायला बसावं तशी.

"आपल्याला घर किती गार आवडतं?" पाहुण्याने विचारलं.

आजी उत्तर देईना. शाल्मलीला वाटलं, तिला प्रश्न ऐकू आला नाही. पण आजी विचार करत होती. इतकी वर्षं घर यांच्या अंगाला मानवेल तेवढं गार असायचं आणि ती खांद्यावर शाल घेऊन वावरायची. पाहुण्यालाही ती कधी दिसली नव्हती. या खोलीतून त्या खोलीत, ओट्याशी, अंगणात, एका जागी ठरेल तर सवय म्हणून नोंद होणार ना.

"मला कोणी विचारलंच नव्हतं," आजी म्हणाली, जरा आश्चर्याने. तक्रार नव्हती त्यात.

पाहुण्याने प्रश्न पुन्हा विचारला. आई सुचवू लागली, तशी आजीने तिला हातानेच थांबवलं. तिने शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली, बाह्या वर केल्या आणि हवेत दोन्ही हात पुढे धरले.

"अंमळ थांब बाप्पा," ती यंत्राला म्हणाली. "बघून सांगते."