पंपाच्या खोलीचं दार

पोरांनो, आधी ते मोबाईल उलटे ठेवा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतलं, तो माझ्याबरोबर सव्वीस वर्षं तलावावर नोकरीला होता. मी पंप चालवायचो, तो पाण्याची पातळी मोजायचा. म्हणून सगळे त्याला पातळीवालाच म्हणत.

लागोपाठ तिसरं कोरडं वर्ष. तलाव पार तळाला गेलेला. उरलंसुरलं पाणी पिण्यासाठी राखायचं, पाऊस येईपर्यंत तलावाचा दरवाजा उघडायचा नाही, असा वरून हुकूम होता. मग रेडिओवर आलं, आठवडाभरात पाऊस येईल, दुष्काळ ओसरायची चिन्हं आहेत. साहेब म्हणाले, आता दर तीन तासांनी पातळी कळवा, रात्रीसुद्धा. त्या दिवशी अकरा तारीख, शनिवार. पातळीवाला जेवला, बायकोला म्हणाला, "तू झोप, मी उजाडल्यावर येतो," आणि बॅटरी घेऊन निघाला.

आता एक गोष्ट त्याच्याशिवाय फक्त मला ठाऊक होती.

तलावाचा दरवाजा सांभाळायला एक जण होता. त्याला आम्ही मौनी म्हणायचो, कारण गडी झोपेतसुद्धा बडबडायचा! दोन महिन्यांपूर्वी एका रात्री खालच्या वस्तीतले सात जण त्याच्या अंगावर आले. पाणी सोड म्हणाले. मौनी म्हणाला, "आज सोडलं, तर उद्या तुमचीच पोरं काय पितील?" झालं, मारायलाच उठले. माझी त्या दिवशी रजा होती, पण पातळीवाला तिथेच होता. तो जीव घेऊन पळाला, पंपाच्या खोलीत शिरला आणि आतून कडी घातली. मागोमाग मौनी आला. दारावर धडका मारायला लागला.

"उघड रे! मला आत घे! मारतायत रे मला!"

याने उघडलं नाही. लोखंडी दांड्याने त्यांनी मौनीचं डोकं त्याच उंबऱ्यावर फोडलं. रक्त दाराखालून आत आलं, याच्या चपलेपर्यंत. पोलिसांना याने सांगितलं, मी घरी होतो. माझ्याजवळ मात्र ढसाढसा रडला. आणि मीही तोंड शिवून बसलो. ते पाप माझंही आहे.

तर, त्या शनिवारी रात्री दोन वाजता याने पातळी बघितली. पंपाच्या खोलीत येऊन फोनवर आकडा कळवला. फोन ठेवला.

दारावर धडक बसली.

"उघड रे..."

आवाज मौनीचा.

हा हलला नाही. पुन्हा धडक. मग बराच वेळ काहीच नाही.

"आत घे ना रे..."

याने कडी काढली. मी नंतर विचारलं, "अरे, उघडलंस कशाला?" तर म्हणाला, "दोन महिने रोज रात्री कानात तेच होतं. म्हटलं, एकदाचं होऊन जाऊ दे."

बाहेर कोणी नव्हतं. चांदणं. भेगाळलेला गाळ. हा उंबऱ्यावर आला.

पहिला घाव उजव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. समोर माणूस नाही. दुसरा घाव डाव्या खांद्यावर. तो गुडघ्यावर कोसळला. चारी बाजूंनी श्वास... पावलं... शिव्या. ते आवाज त्याच्या ओळखीचे होते. खालच्या वस्तीतले. ती माणसं जिवंत होती, त्या वेळी आपापल्या घरी झोपली होती. तिसरा घाव तोंडावर. दात घशात गेले.

मग डोक्याजवळ हवा कापल्यासारखा आवाज आला...

आणि कोणीतरी त्याचं डावं मनगट पकडलं.

मागून. खोलीतून.

खस्सकन आत ओढलं. दार आपटलं. कडी पडली.

सकाळी सहाला मी कामावर आलो, तर दार आतून बंद. हाका मारल्या. शेवटी पहारीने दार तोडलं. तो पंपाला टेकून पडलेला, दोन्ही हात लुळे. कडी लावायला बोटसुद्धा उचलत नव्हतं.

दवाखान्यात शुद्धीवर आला, तेव्हा पहिलं वाक्य बोलला, "पोलिसांना बोलाव." सातही जणांची नावं सांगितली. आपण दार उघडलं नव्हतं, तेही सांगितलं. मीही जबाब दिला. मौनीच्या आईसमोर आम्ही दोघं मान खाली घालून उभे राहिलो.

गुरुवारी पाऊस आला. महिन्याभरात तलाव निम्मा भरला. त्याची हाडं जुळली, नवे दात बसले, अंगावरचे वळ गेले.

मनगटावरचे नाही गेले. चार बोटं आणि अंगठा, काळपट. अजून आहेत. या उन्हाळ्यात भेटायला गेलो होतो, तेव्हा मी त्यावर बोट ठेवून पाहिलं.

गार होतं. आणि ओलं.