आजोबांचा खिसा पेटला त्याची गोष्ट

"बॅटऱ्यांनी मला कधी दगा दिला नाही," केतनआजोबा म्हणाले. "हजारो हाताळल्या. मला चटका द्यायची एकीचीही हिंमत झाली नाही."

हे ते सकाळी चहा पिताना म्हणाले. कप रिकामा व्हायच्या आत त्यांची पँट पेटली.

मधे काय झालं, ते ऐका.

कऱ्हाडला नदीपलीकडे यमू आपल्या आजोबांबरोबर राहायची. यमूचं नाव यमुना. त्या काळात मुलांची नावं पुन्हा जुनी झाली होती. तिच्या वर्गात एक भागीरथी आणि दोन पांडुरंग होते, आणि त्यांच्या आजोबांची नावं रोहन, समीर, केतन अशी. केतनआजोबांनी जन्मभर प्रयोगशाळेत बॅटऱ्या बनवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच उद्योग उरला होता, तो म्हणजे जुने दिवस आठवणं.

तेव्हा म्हणे फोन हातात धरायला लागायचा. घरात माणसं चार आणि धड चालणारा चार्जर एक, म्हणून रोज भांडण. आता भिंतीतूनच सगळं आपोआप चार्ज होतं, आणि त्यामुळे घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, असं आजोबांचं ठाम मत होतं. कुलपंसुद्धा आता बोट लावून उघडायची. तरी आजोबा आठ खिशांची जुनी पँट घालून उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा बाळगायचे. त्यातली एकही किल्ली कुठल्याच कुलपाला लागत नव्हती. पण चालताना खिसा खुळखुळला नाही, तर आपण घराबाहेर पडलोय असं वाटतच नाही, असं त्यांचं म्हणणं.

घरात पेंडसे नावाचा रोबोही होता. आजोबांनी हौसेनं त्याच्या डोक्यात घराण्याच्या जुन्या फॅमिली ग्रुपवरचे सगळे मेसेज भरले होते. तेव्हापासून तो कामाचा राहिला नव्हता.

त्या दिवशी आजोबांना एक जुना फोन चालू करायचा होता. फोन मधुराआजीचा. आजी गेली तेव्हा यमू पाळण्यात होती, त्यामुळे तिनं आजीचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. फोनमध्ये आजीचा एक आवाजी निरोप होता. पण फोनची स्मृती (माहिती साठवणारी चिप) म्हणजे विजेच्या ठिपक्यांची रांगोळी. फोन बरीच वर्षं बंद राहिला, की ठिपके एकेक करून पुसले जातात. आणखी उशीर केला असता तर आजीचा आवाज कायमचा गेला असता.

फोनची स्वतःची बॅटरी पुरीसारखी फुगली होती. ती आजोबांनी नीट काढून बाजूला ठेवली. मग पत्र्याच्या पेटीतून एक काळी नळी काढली.

"ही ई-सिगारेट. होस्टेलवरच्या परागची," ते म्हणाले.

त्यांनी यमूला समजावलं, की नळीतली बॅटरी एक द्रव तापवायची, त्याची वाफ व्हायची आणि पोरं ती छातीत ओढायची. सरकारनं बंदी घातली होती, तरी चोरून मिळायची. एकदा परागच्या खिशात ती फुटली. मांडी अशी भाजली, की दुसरीकडची कातडी काढून तिथे लावावी लागली. पुढे कित्येक महिने तो मांडी घालून बसू शकला नाही. ही त्याची दुसरी नळी. ती त्यानं घाबरून आजोबांना देऊन टाकली होती.

"मग हिच्यातली बॅटरी कशाला वापरताय?" यमूनं विचारलं. "नवी लावा की."

जुन्या फोनला जुनाच घास गोड लागतो, असं म्हणून आजोबांनी नळीतला सेल काढला. आदल्या दिवशीच त्यांनी तो चार्ज केला होता. त्याचं प्लास्टिकचं कव्हर म्हातारं होऊन फाटलं होतं. अंगणापलीकडच्या खोलीत फोन उघडून ठेवला होता. एका हातात चहा, दुसऱ्या हातात बिस्किट, म्हणून आजोबांनी सेल खिशात टाकला. उजव्या.

अंगणाच्या मध्यावर खिसा फुसफुसला. मग धूर आला, मग ज्वाळा. खिशाला भोक पडलं आणि सेल खाली पडून भुईचक्रासारखा गरगर फिरला. पेंडशानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा दिल्या.

यमूनं बागेचा नळ सोडला आणि पाइप थेट आजोबांवर धरला. आग विझली. पँट कातडीला चिकटली नव्हती, म्हणून ती काढायला लावली. मांडीवर तळहाताएवढा लालभडक डाग होता आणि त्यावर फोड येत होते. तेवढ्यात पेंडसे टूथपेस्ट, शाई आणि दही घेऊन हजर झाला.

"भाजल्यावर लगेच लावा. हा मेसेज दहा जणांना पाठवा."

"पेंडसे, मागे हो," यमू म्हणाली. "डॉक्टर मुजावरांना बोलाव."

पेस्टनं आतली उष्णता कोंडते आणि जखम चिघळते, हे तिला शाळेत शिकवलं होतं. डॉक्टरीणबाई येईपर्यंत तिनं मांडीवर साध्या थंड पाण्याची धार धरून ठेवली. वेळ जाईना म्हणून, आणि रडू येऊ नये म्हणूनही, तिनं विचारलं, की एवढासा सेल एवढा कसा भडकला?

आजोबा शास्त्रज्ञ होते. अर्धवट भाजलेला शास्त्रज्ञसुद्धा प्रश्न विचारला की बोलतोच.

ते म्हणाले, की लग्नात अंतरपाट असतो ना, तसा सेलमध्ये एक विभाजक (दोन थरांमधला पातळ पडदा) असतो. इकडे एक थर, तिकडे दुसरा. पडद्याच्या बारीक भोकांतून लिथियमचे कण ये-जा करतात. विजेला मात्र आतून वाट नाही. तिला बाहेरून, तारेतून, लांबच्या रस्त्यानं जावं लागतं, आणि जाता जाता ती आपली कामं करते. किल्ल्यांनी दोन्ही टोकं जोडली की शॉर्टसर्किट (विजेला सापडलेली आडवाट) होतं. कामबिम सोडून सगळी वीज एकदम तिकडून धावते. सेल तापतो आणि पडदा वितळतो.

"म्हणजे मुहूर्ताआधीच अंतरपाट खाली," यमू म्हणाली.

"आणि दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी एकमेकांच्या अंगावर. त्या गोंधळानं उष्णता वाढते. उष्णतेनं आणखी गोंधळ. मी त्याला तापउधळण (उष्णतेनं उष्णता वाढत जाणं) म्हणायचो. आतला द्रव पेट घेणारा. वरून डबा बंद, म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. यावर मी भाषणं दिलीत, यमे. खिशात किल्ल्यांबरोबर सेल ठेवू नका, हे माझं पहिलं वाक्य असायचं."

यमूला हसायचं नव्हतं. पण आजोबाच आधी हसले, आणि मग कण्हले.

डॉक्टर मुजावरांनी जखम बांधली. पाण्यामुळे चटका खोल गेला नाही, असं त्या म्हणाल्या. काही दिवस बसायचं नाही, अशी ताकीदही दिली.

मग आजोबा उभ्याउभ्याच सूचना देत राहिले आणि यमूनं फोनला आजच्या काळातली, मिठाच्या पाण्यावर चालणारी बॅटरी जोडली. तिच्यात पेटण्यासारखं काही नव्हतं. विद्युतदाब (वीज ढकलणारा जोर) फोनला हवा तेवढाच ठेवला. जुन्या फोननं नवा घास मुकाट्यानं खाल्ला.

जोडता जोडता यमूच्या डोक्यात आलं, की पडद्यानं ताप वाढताच आपली भोकं आपणच मिटून घेतली तर? आजोबा म्हणाले, की तसे पडदे आम्ही केले होते, पण ते उशिरा मिटायचे. तू लवकर मिटणारा कर.

फोनचा पडदा उजळला. खरखर झाली. आणि मग एक बाई घाईघाईनं बोलली.

"केतन, येताना कोथिंबीर आण. मागच्या वेळी मेथी आणलीस, तशी नको. आणि सावकाश ये, मी जागीच आहे."

एवढंच. यमूनं ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं, आणि मग नव्या यंत्रात उतरवून घेतलं. आजीचा आवाज तिच्या स्वतःच्या आवाजासारखाच थोडा नाकातून यायचा.

आजोबांनी चष्मा काढून स्टुलावर ठेवला आणि डोळे पुसले. मग ताकीद विसरून ते स्टुलावर बसले. चष्म्याचे दोन तुकडे झाले आणि पट्टी बदलायला डॉक्टर मुजावरांना पुन्हा यावं लागलं.