फुटक्या काचेचा फोन

"पोरगं कबूल झालं हो," म्हातारी म्हणाली आणि वहिनींसमोरच्या खुर्चीत कोसळली.

वहिनी म्हणजे खाजगी गुप्तहेर. त्यांचे दीर, भावजी, मदतनीस. म्हणजे निदान त्यांचा तसा समज होता.

म्हातारीचा मुलगा ड्रायव्हर. त्याच्या मालकाचा गोदामात खून झाला होता, याच्याच गाडीतला जॅक डोक्यात घालून. "गाडी इथेच ठेव, खोलीवर जा," असं मालकांनीच फोनवर सांगितल्याचं तो घसा फोडून सांगत होता. मालकांच्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं रेकॉर्ड होई. तो फोनच कोरा निघाला. पोराने हाय खाल्ली आणि कबुलीवर सही केली.

वहिनी थेट इन्स्पेक्टरकडे गेल्या.

"सकाळी मालकांच्या पुतण्याने प्रेत ओळखलं. त्यांचा भागीदारही होता. ड्रायव्हरला तेव्हाच आत टाकला," इन्स्पेक्टर म्हणाले. "फोनची काच फुटलेली, पडदा काळा, आवाजही नाही. मेलेला फोन. घातला प्लास्टिकच्या पिशवीत आणि केला सील."

"नेटवर्क तोडलं नाहीत?"

"मेलेल्याचं काय तोडायचं?"

"पडदा मेला होता, साहेब. फोन जिवंत होता. बाहेरून हुकूम मिळाला की असा फोन स्वतःला पुसून टाकतो."

"त्याला पासवर्ड लागतो."

"किंवा मालकांचं खातं उघडं असलेला कॉम्प्युटर."

तो मालकांच्या ऑफिसात होता, अजून चालू. भावजींचा हात बटणाकडे गेला. "उगाच वीज जळतेय."

"भावजी, हात खिशात," वहिनी म्हणाल्या.

ऑफिसची किल्ली भागीदार आणि पुतण्या या दोघांकडेच होती. भागीदार चिडूनच बोलला. "हो, प्रेत सापडलं त्या दिवशी मी इथेच होतो. कॉम्प्युटरही येतो मला. पण त्या फोनचा चक्काचूर मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यात पुसायला उरलं काय होतं?"

पुतण्याला रडू आवरेना. "गोदामातून आलो, पण मन मानेना. काकांना सारखा फोन लावत होतो. दुपारपर्यंत रिंग जात होती. मग बंद लागला, तेव्हा थांबलो."

"बिचारा," भावजी डोळे पुसत म्हणाले.

वहिनींनी इन्स्पेक्टरना आत बोलावलं.

"फोन पुसला गेला तेव्हा ड्रायव्हर तुमच्या कोठडीत होता. म्हणजे पुसणारा दुसरा. हुकूम पोचतो तो चालू फोनलाच, आणि हा चालू आहे हे भागीदारांना ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. ठाऊक होतं ते एकालाच."

पुतण्याचं रडणं थांबलं. "आठवण आली म्हणून लावला मी."

"प्रेत तुम्हीच ओळखलंत. मग फोन कोण उचलणार होतं? रिंग जातेय, म्हणजे फोन जिवंत आहे, एवढंच तुम्हाला बघायचं होतं. बंद लागला तेव्हा काम झालं. हुकुमाची नोंद या कॉम्प्युटरवर असणार. साहेब, आधी पडद्याचा फोटो घ्या."

"त्या फोनमध्ये माझाही आवाज होता," पुतण्या पुटपुटला. "गोदामात येतो म्हणून मीच धमकावलं होतं त्यांना."

संध्याकाळी ड्रायव्हर कोठडीतून बाहेर आला. डोळे सुजलेले, चालणं धड नव्हतं.

"आई, खरं सांग. मीच मारलं असं वाटलं तुला?"

म्हातारीने मान खाली घातली. "तू सही केलीस तेव्हा वाटलं रे."

"मलाही वाटायला लागलं होतं," तो म्हणाला.